कलमी गुलाब ‘जंगली’ झाला? आधी गाठ शोधा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: ‘झाड मस्त वाढलंय हो, कठड्यावरून खाली लोंबतंय, पण दोन वर्षांत एक फूल नाही.’ पुण्यात कोथरूड, सहकारनगर, औंध, धनकवडी इथल्या गच्च्यांवर आणि सोसायट्यांच्या बागांत गेली बारा वर्षं मी गुलाब बघते आहे. पावसाळा संपता संपता हे फोन सुरू होतात आणि दहातल्या सात-आठ कुंड्यांत दुखणं एकच निघतं. माणसं मात्र तोवर तीन प्रकारची खतं घालून बसलेली असतात, आणि त्यामुळे ते आणखी बळावलेलं असतं.

लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- एक-दोन फांद्या बाकीच्या झाडाला मागे टाकून भराभर वाढतात आणि लांब झाल्या की कमानीसारख्या वाकतात.
- त्यांची पानं लहान, मऊ, फिकट हिरवी असतात. एका देठावर सात किंवा नऊ छोटी पानं.
- काटे अगदी तुरळक, किंवा नाहीतच.
- त्याच कुंडीतली जुनी, फुलं देणारी फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते आहे.
- तुम्ही लाल किंवा पिवळा गुलाब आणला होता, आणि आता रुपयाच्या नाण्याएवढी, पाच पाकळ्यांची पांढरी फुलं घोसाने आली. किंवा काहीच आलं नाही.

झाडाच्या सगळ्याच फांद्यांना फूल नसेल, पण पानं आणि काटे पूर्वीसारखेच असतील, तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. तिथे आधी ऊन मोजा. गुलाबाला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. शेजारी नवी इमारत उभी राहिली की ते कधी कमी झालं हे कळतही नाही.

कुंडीत दुसरं कोण राहतं

आपण नर्सरीतून आणतो तो गुलाब म्हणजे दोन झाडांचा जोड असतो. वरचा भाग आपल्याला हवा त्या जातीचा. खालची मुळं आणि वीतभर खोड वेगळ्याच गुलाबाचं, त्याला खुंट म्हणतात. खुंटाच्या सालीत हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, बसवतात (याला डोळा भरणं म्हणतात), डोळा फुटला की वरचा खुंट छाटून टाकतात. लोणी काळभोर, उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांत हिवाळ्यात डोळे भरणारे हात बघितले आहेत का? एका डोळ्याला एक मिनिटही लागत नाही.

खुंट म्हणून आपल्याकडे इंडिका ओडोराटा, एडवर्ड आणि मल्टिफ्लोरा हे गुलाब वापरले जातात. माझ्या हाताखालून गेलेल्या पुण्याच्या कुंड्यांत मल्टिफ्लोराच जास्त निघाला. रोझा मल्टिफ्लोरा हा मूळचा जपान, कोरिया, चीनचा रानगुलाब. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हजारो घरांत हे झाड आहे आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. आपल्या बाल्कनीतले फ्लोरिबंडा गुलाब घोसाने फुलतात तो गुण याच्याच रक्तातून आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये गियो यांनी याच्यापासून पॉलिअँथा गुलाब तयार केले आणि फ्लोरिबंडा त्यांच्या पुढच्या पिढीतले. अमेरिकेत १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवायला आणि कुंपणाला म्हणून हा गुलाब सरकारनेच लावायला लावला. पुढे तो इतका पसरला की अनेक राज्यांनी त्याला उपद्रवी तण ठरवलं.

एवढ्या चिवट झाडाच्या मुळांवर आपण नाजूक कलम बसवतो. वरचं कलम जरा अशक्त झालं की खालचा स्वतःच्या फांद्या काढतो आणि मुळांनी आणलेलं सगळं त्या फांद्या ओढून घेतात. कलम उपाशी राहतं. ‘गुलाब जंगली झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर गुलाब बदललेला नसतो, खालच्याने वरच्याची जागा घेतलेली असते.

फूल का नाही, तेही सांगते. मल्टिफ्लोरा वर्षातून एकदाच फुलतो आणि तोही मागच्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर. आपण ऑक्टोबरात सगळं झाड छाटतो. ज्यांवर फूल आलं असतं त्या फांद्याच दरवर्षी कचऱ्यात जातात.

पहिली तपासणी: फांदी कुठून निघाली ते बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. वरची दोन-तीन इंच माती हाताने बाजूला करा, खुरपं नको. खोडावर बोट फिरवत खाली जा. एके ठिकाणी गाठ लागेल, सुपारीएवढी किंवा जुन्या झाडात लिंबाएवढी, बहुधा किंचित वाकडी. तिथे डोळा भरला होता.

संशयित फांदी गाठीच्या खालून किंवा मुळातून निघाली असेल तर ती खुंटाची. गाठीतून किंवा गाठीच्या वरून निघाली असेल तर ती तुमच्या जातीची.

ही तपासणी पहिली, कारण यातच सगळ्यात मोठी चूक टळते. गाठीच्या वरून निघणारा नवा, जाड, लालसर, रसरशीत फुटवा म्हणजे झाडाचं पुढच्या पाच वर्षांचं भांडवल. तोही भराभर वाढतो, तोही बाकीच्या फांद्यांपेक्षा वेगळा दिसतो, आणि घाबरलेली माणसं तोच उपटतात. सहकारनगरच्या एका काकूंनी व्हिडिओ बघून असे चार फुटवे काढले होते. झाड जुन्या काळ्या दांड्यांवर राहिलं आणि उन्हाळ्यात गेलं. त्यांनी मला ती कुंडी दाखवली तेव्हा आम्हा दोघींनाही फार वाईट वाटलं.

गाठ सापडलीच नाही तर? झाड छाटकलमाचं असू शकतं, म्हणजे फांदी मातीत खोचून केलेलं. मिनिएचर आणि बरेचसे गावठी गुलाब असेच असतात. त्यांना वेगळा खुंट नसतो, त्यामुळे मातीतून येणारा प्रत्येक फुटवा त्याच जातीचा. त्याला हात लावू नका. गाठ खोल गाडली गेली असण्याचीही शक्यता आहे, त्याबद्दल पुढे.

दुसरी: देठाच्या बुडाशी झालर

मुळांचं जाळं दाट असेल आणि फांदी कुठून निघाली ते दिसत नसेल तेव्हा ही खूण कामाची. गुलाबाच्या पानाचा देठ फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरव्या चिंचोळ्या पट्ट्या असतात, त्यांना उपपर्ण म्हणतात. बहुतेक मोठ्या फुलांच्या गुलाबांत या पट्ट्यांची कड जवळपास सरळ असते. मल्टिफ्लोरात ती कंगव्याच्या दात्यांसारखी फाटलेली असते. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा. एकदा बघितली की ही खूण विसरत नाही.

एक सावधगिरी. पॉलिअँथा, काही फ्लोरिबंडा आणि काही वेलगुलाब मल्टिफ्लोराच्याच वंशातले आहेत, त्यामुळे त्यांच्यातही थोडी झालर दिसते. म्हणून एकाच कुंडीतल्या दोन फांद्या शेजारी धरून तुलना करा. दोन्हींत झालर सारखी असेल तर निकाल पहिल्या तपासणीवर सोडा.

फूल आलं असेल तर आणखी एक पक्की खूण आहे. मल्टिफ्लोराच्या फुलात मधोमध स्त्रीकेसरांचे धागे एकमेकांना चिकटून एकच बारीक खांब उभा राहतो. आपल्या नेहमीच्या गुलाबात ते सुटे असतात. आणि फुलं गुलाबी, गच्च पाकळ्यांची, सुवासिक आली तर खुंट एडवर्डचा असू शकतो. तसा निघाला तर बरेच जण तोच ठेवतात, आणि माझी त्याला काही हरकत नसते.

‘सात पानं म्हणजे जंगली’ हा नियम मी मुद्दाम तिसऱ्या जागीही ठेवलेला नाही. कित्येक चांगल्या जातींना सात पानं येतात. नव्या पालवीचा लाल-हिरवा रंगही जातीगणिक बदलतो. नुसती पानं मोजून कुणाची फांदी काढू नका.

तिसरी: कलम जिवंत आहे का

गाठीच्या वरच्या खोडावर नखाने हलकं खरवडा. आत हिरवं, ओलसर लागलं तर कलम जिवंत. तपकिरी, कोरडं लागलं तर एक इंच खाली सरका आणि पुन्हा बघा. असं गाठीपर्यंत या.

पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. कलम जिवंत असेल तर खुंटाचे फुटवे काढायचे. कलम पूर्ण मेलं असेल तर फुटवे काढून हातात रिकामी कुंडी राहील. अशा वेळी फुटवे राहू द्या आणि थेट शेवटच्या भागावर जा.

गाठीवर किंवा मुळाजवळ फुलकोबीसारखी खडबडीत, वाढत जाणारी गुठळी दिसली तर इथेच थांबा. नेहमीची गाठ गुळगुळीत असते. ही गुठळी बहुधा जिवाणूजन्य असते, तिला औषध नाही. झाड मातीसकट काढा, त्या मातीत पुन्हा गुलाब लावू नका आणि कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

चौथी: फुटवा कापू नका, ओढून काढा

माळीदादा येतात आणि मातीलगत कात्री चालवतात. महिन्याने एकाचे तीन होतात. मग मला विचारतात की हे पुन्हा पुन्हा का येतं. फुटव्याच्या बुडाशी, जिथे तो खुंटाला चिकटतो तिथे, झोपलेले डोळे असतात. वरून कापणं म्हणजे छाटणीच झाली, आणि छाटणी केली की खालचे डोळे जागे होतात.

आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या. सकाळी माती सारून फुटव्याचं बूड उघडं करा. जाड हातमोजे घाला, फुटवा बुडाशी धरा आणि गाठीच्या उलट्या बाजूला, खाली, एका झटक्यात ओढा. सालीचा छोटा तुकडा टाचेसारखा त्याच्याबरोबर निघाला पाहिजे. तो निघाला की तिथले डोळेही गेले. फुटवा पेन्सिलीपेक्षा जाड असेल तर ओढाताणीत खुंट फाटतो. तिथे धारदार चाकूने बुडाशी बाजूची थोडी साल धरून कोरून काढा.

जखम एक दिवस उघडी राहू द्या, मग बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. घरच्यापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी. मोरचूद आणि चुना अर्ध्या-अर्ध्या पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे भिजवा, चुना विझून गार झाला की एकत्र करा. लोखंडी भांडं नको, मोरचूद ते खातं. चुना विझताना उकळतो, मुलांना लांब ठेवा.

एकाच दिवशी सगळे फुटवे काढायचा मोह आवरा. कलमावर पानं थोडी असतील आणि खुंटावर भरपूर, तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा-तीनदा काढा. मुळांना जगवणारी पानं एकदम गेली तर कलमही खचतं.

पाचवी: गाठ मातीच्या वर आणा

फुटवे काढून दोन महिन्यांत परत आले तर कारण बहुतेक मातीत आहे. दर वर्षी आपण वरून शेणखत, गांडूळखत, कोकोपीट घालतो. पातळी चढत जाते आणि गाठ गाडली जाते. आपल्या पावसाळ्यात ओल्या मातीत दबलेली गाठ कुजू लागते, कलम दुबळं होतं, आणि खालच्याला संधी मिळते. परदेशी व्हिडिओंत गाठ जमिनीखाली पुरायला सांगतात. तिथे बर्फापासून ती वाचवायची असते. पुण्यात उलट करायचं: गाठ मातीच्या किमान दोन इंच वर, मोकळ्या हवेत.

वरची माती काढून गाठ उघडी करणं आजच्या आज जमेल. कुंडी बदलायची असेल तर पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात छाटणीबरोबर करा. खुरपं वरच्या इंचभर मातीतच चालवा, कारण मूळ जिथे दुखावतं तिथूनच नवा फुटवा येतो.

सहावी: कलम दुबळं का झालं

हा भाग लोक सोडून देतात, आणि म्हणून दुखणं परत येतं.

पुण्यात पहिला संशय पश्चिमेच्या भिंतीवर. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीननंतर सिमेंटची भिंत आणि काळी प्लास्टिकची कुंडी दोन्ही तापतात, कलमाच्या दांड्यांची साल भाजते. मार्चअखेर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावा किंवा कुंडी पूर्वेला हलवा. शेंड्याकडून काळी पडणारी फांदी काळ्याच्या खाली दोन इंच, आत पांढरा-हिरवा गर लागेपर्यंत कापा आणि टोकाला तीच पेस्ट लावा. चॉकलेटी रेघ उरली तर रोग खाली सरकत राहतो.

दुसरा संशय पाण्यावर. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची काळी माती ही जोडी मल्टिफ्लोराच्या मुळांना सोसत नाही. त्याला किंचित आम्लधर्मी माती आवडते. माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की हेच समजा. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) वरचेवर टाकून फार उपयोग होत नाही, ते लगेच अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, पाकिटावर हे अक्षरशः लिहिलेलं असतं. ईडीटीए स्वस्त असतं, पण अल्कधर्मी मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर गुलाबासाठी राखून ठेवा.

दोनदा लोह देऊनही पालवी पिवळीच राहिली तर अंदाजाने आणखी काही घालू नका. अर्धा किलो माती सावलीत वाळवून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि सामू (पीएच) व क्षारता विचारा. एका कुंडीसाठी हे जास्त वाटेल, पण वीस कुंड्यांना तेच पाणी जात असेल तर ही तपासणी खतांपेक्षा स्वस्त पडते.

शेवटची: कलम मेलंय, खुंट जिवंत आहे

इथे बहुतेक जण झाड फेकतात. मी फेकू देत नाही. तुमच्याकडे आता रुजलेला, पुण्याच्या हवेत तगलेला तयार खुंट आहे, त्यावर नवा डोळा भरता येतो.

पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक सरळ फुटवा ठेवा, बाकीचे ओढून काढा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. साल सहज सुटते का ते आधी बघा. सुटत नसेल तर चार दिवस नीट पाणी देऊन पुन्हा बघा, जबरदस्तीने उचकटू नका. शेजाऱ्याकडच्या निरोगी झाडाची, नुकतंच फूल गळलेली फांदी घ्या. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा असतील तर त्या झाडाचा डोळा कधीही घेऊ नका, विषाणू कलमाबरोबर येतो. खुंटावर मातीपासून चार-पाच इंचांवर इंग्रजी टी अक्षरासारखा काप, त्यात इंचभर सालीसकट कोरलेला डोळा सरकवा, डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. डोळ्याखालच्या पानाचा देठ अर्धा इंच ठेवलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी त्याला बोट लावा. टचकन गळून पडला आणि डोळा हिरवा असेल तर जमलं. वाळून चिकटून राहिला तर डोळा गेला. डोळा फुटून बोटभर झाला की मगच वरचा खुंट छाटा.

पहिले दहा-बारा डोळे बहुधा वाया जातात, म्हणून सराव रोजच्या जातीवर करा. तुमच्याकडे आईच्या हातचा, आता कुठेही न मिळणारा गुलाब असेल आणि त्याची एकच फांदी जिवंत असेल, तर स्वतः प्रयोग करू नका. त्या फांदीवर चार-पाच डोळे असतात, तेवढ्याच संधी. फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच दिवशी डोळे भरणाऱ्या कारागिराकडे न्या. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला येणाऱ्या गुलाबवाल्यांना विचारलं तर असा कारागीर कुठे भेटेल ते कळतं.

सोसायटीच्या बागेतल्या जमिनीतल्या जुन्या झुडपालाही एकट्याने हात घालू नका. खुंट मनगटाएवढा झालेला असतो, मुळं पाइपलाइनजवळ गेलेली असतात. तिथे अनुभवी माळी आणि करवत लागते.

आणि काटा खोल रुतला तर जखम लगेच साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. काही आठवड्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ आली आणि हातावर वर वर तशाच गाठींची रांग दिसू लागली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि गुलाबाचा काटा लागला होता हे आवर्जून सांगा. मातीतल्या एका बुरशीने हे होतं, औषधाने बरं होतं, पण काट्याचा उल्लेख झाला नाही तर निदान लांबतं.

माझ्या गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक मल्टिफ्लोरा मी नुसताच वाढू दिला आहे, डोळा न भरता, न छाटता. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी त्याला पांढरे घोस आले, आठ-दहा दिवस टिकले आणि सकाळी मधमाश्या आल्या. यंदा डिसेंबरात ज्यांना खुंटासाठी त्याच्या फांद्या हव्या असतील त्यांनी ओलं फडकं घेऊन या, मी कापून देईन.